कय्यूमभाऊंचं बोट

वडशात कय्यूमभाऊंना ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण, आणि कय्यूमभाऊंच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला ओळखत नाही असा सापडणं त्याहून कठीण. दिसायला ते चारचौघांच्या बोटासारखंच आहे, पण त्याला जागच्या जागी राहवत नाही. शेजाऱ्याकडे रंगकाम निघालं की ते ओल्या भिंतीला लागून येतं. टपरीवर चहा उकळत असला की खालचा गॅस बारीक करतं, टपरीवाल्यानं वाढवला की पुन्हा बारीक करतं. बँकेच्या भिंतीवरचं वाकडं कॅलेंडर ते सरळ करून येतं, आणि तोवर कय्यूमभाऊंची रांगेतली जागा गेलेली असते. या सगळ्याचं समर्थन म्हणून कय्यूमभाऊंकडे एकच शब्द आहे: "थोडसंच."

धंदा म्हणाल तर 'शेख साउंड, लाइट अँड जनरेटर'. रेल्वेलाईनपलीकडे गोदाम आहे. उन्हाळ्यात लग्नं, भाद्रपदात गणपती, पण खरी कमाई आणि खरी इज्जत हिवाळ्यातली. दिवाळी झाली की झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या या पूर्व टोकाला, गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते. लेकी-जावई येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, आणि मंडई आली म्हणजे नाटक आलंच. वडशाच्या नाट्यमंडळांच्या गाड्या मग होळीपर्यंत या गावाहून त्या गावाला पळत असतात. या मंडळींना तालमीला फार सवड नसते. नट रंगून उभे राहतात आणि समोरच्या खड्ड्यात बसलेला प्रॉम्प्टर त्यांना वाक्यामागून वाक्य पुरवतो. नटानं ते उचलायचं आणि काळीज फाडून म्हणायचं. ही पद्धत पिढ्यान् पिढ्या उत्तम चालली आहे. अट एकच: नटाचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला पाहिजे आणि प्रॉम्प्टरचा पहिल्या रांगेपर्यंतही जाता कामा नये. माइक मात्र दोघांच्या मधोमध लटकत असतो, आणि माइकला माणसं ओळखता येत नाहीत.

ती ओळखायचं काम लच्छू मडावी करायचा. कुरखेड्याच्या पलीकडे जंगलाला टेकून चिचटोला नावाचं गाव आहे, तिथला हा माणूस. मिक्सरवर बसला की बोलत नाही आणि उठला की आणखी कमी बोलतो. कोणता नायक तिसऱ्या अंकात बसतो (घशानं, खुर्चीवर नव्हे), कोणती नायिका रडताना पाठ फिरवते, हे सगळं त्याच्या दहा बोटांना पाठ. अशी दहा बोटं असल्यावर अकराव्याची गरज नव्हती. पण अकरावं बोट मालकाचं होतं.

खेळ सुरू झाला की कय्यूमभाऊ लच्छूच्या मागे येऊन उभे राहत. थोडा वेळ ऐकत. मग मान हलवत. मग ते बोट लच्छूच्या खांद्यावरून अलगद खाली येई आणि एखादी कळ वर सरकवी. "थोडसंच." लच्छू ती हळूच खाली आणी. बोट पुन्हा येई.

गेल्या हिवाळ्यात सावली गावच्या मंडईत या बोटानं कळस केला. दुसऱ्या अंकात त्यानं प्रॉम्प्टरच्या डोक्यावरचा माइक असा काही उघडला, की गावाला प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येऊ लागलं. आधी खड्ड्यातून, भाजीचा भाव सांगावा तसं, "नराधमा, सोड तिचा हात," आणि मग मंचावरून तेच, नसा ताणून. पुढं काय होणार हे आधी कळतं म्हणून लोक खड्ड्याकडेच कान लावून बसले. तिसऱ्या अंकात टाळ्या प्रॉम्प्टरला पडल्या. एका सद्गृहस्थानं तर त्याला बक्षीसही जाहीर केलं. त्याच गडबडीत कय्यूमभाऊ डाव्या हातातला चहा सांभाळत उजव्या हाताचं बोट लांबवत होते, तो चहा सोळा नंबरच्या कळीत सांडला आणि ती कळ कायमची मेली. "पंधरा पुरे हायेत," कय्यूमभाऊ म्हणाले, आणि दुरुस्तीचा विषय मिटला. सावलीबद्दल त्यांचं मत होतं, की प्रॉम्प्टर जरा मोठ्यानंच बोलून राह्यला होता.

लच्छू काही बोलला नाही.

या वर्षी मात्र त्याचं न बोलणं वेगळं होतं. दरवर्षी बलिप्रतिपदेच्या दुसऱ्या दिवशी तो गोदामात येई, मिक्सरची पेटी ओढून बाहेर काढी आणि मऊ ब्रशनं एकेक कळ झाडत बसे. हंगामाचा करार म्हणायचा तो हाच. या वर्षी तो आला, चहा प्यायला, पेटीकडे पाहिलं, आणि "येतो जी" म्हणून गेला. ब्रश खिळ्यालाच लटकत राहिला. दुपारपर्यंत डोमानं बातमी आणली. हा डोमा लच्छूचा चुलतभाऊ, जनरेटर आणि वायरी सांभाळतो.

"ब्रह्मपुरीच्या साउंडवाल्या दिनेशभाऊनं नवा मिक्सर घेतला जी. टचवाला. लच्छूले बोलावून राह्यला."

"मग लच्छू का म्हनते?"

"काईच नाई म्हनत."

इतकं वाईट उत्तर दुसरं नव्हतं. मंडईचा पहिला खेळ आठवड्यावर आला होता, आणि लच्छूशिवाय मिक्सर म्हणजे नुसता दिव्यांचा पाट.

कय्यूमभाऊंची मुलगी अदीबा त्या दिवसांत घरी होती. ती हैदराबादच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहे, आणि कंपनी घरून काम करू देते म्हणून थंडीत वडशाला येते. वरच्या खोलीत कानाला हेडफोन लावून ती दिवसभर अशा माणसांशी बोलते, ज्यांना घरातल्या कोणी कधी पाहिलेलं नाही. कय्यूमभाऊ जिना चढून गेले.

"बेटा, तुझ्या हाताखाली इतके पोट्टे हायेत. एखादा सोडून जातो म्हनला तर तू का करते?"

अदीबाला आनंद झाला. घरात तिच्या कामाबद्दल आजवर एकच प्रश्न विचारला गेला होता, तो म्हणजे कंप्यूटर गरम कसा होत नाही. तिनं बापाला समोर बसवलं आणि सांगितलं, की लोक कंपनी सोडत नाहीत, साहेबाला सोडतात. प्रत्येकाशी एकट्याशी बसून बोला. रोज सकाळी पाच मिनिटं उभ्यानं मीटिंग घ्या. काम वाटून द्या, आणि दिल्यावर त्यात हात घालू नका. सगळ्यात मोठं म्हणजे, आपलं काय चुकतं ते त्यांनाच विचारा.

सल्ला चांगला होता. त्यात काही खोट होती असं आजही म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी गोदामात प्लास्टिकच्या दोन खुर्च्या समोरासमोर लागल्या. पहिला नंबर लाइटवाल्या लोकेशचा.

"बोल. का अडचन हाये तुले?"

"काई नाई जी."

"मोकळेपनानं बोल."

"मोकळाच हाव जी."

कय्यूमभाऊंनी तळहातावर लिहून आणलेला पुढचा प्रश्न पाहिला. "पाच वर्सानं तू स्वतःले कुठी पाहतेस?"

लोकेशनं इकडंतिकडं पाहिलं. "तवापर्यंत इथीच बसा लागते का जी?"

उभ्याच्या मीटिंगचं आणखी वाईट झालं. सकाळी कय्यूमभाऊंनी सगळ्यांना गोलाकार उभं केलं आणि स्वतः गंभीर चेहऱ्यानं मध्ये उभे राहिले. आमच्याकडे माणसं अशी उभी राहून, माना खाली घालून, दोनच प्रसंगी बोलतात, आणि त्यातला एक शाळेतला असतो. डोमानं हात जोडले, डोळे मिटले आणि बराच वेळ थांबून हळूच विचारलं, "कोन गेलं जी?"

काम वाटून देण्याचा प्रयोग त्यांनी स्वतःहून केला. नव्या वायरी आणायला लोकेशला नागपूरला पाठवलं, "सगळं तुह्यावर सोडलं" असं सांगून, आणि गाडी नागभीडला पोहोचायच्या आत फोन करून रंग विचारला. उमरेडच्या पुढं पुन्हा फोन केला, तो थोडसं सांगायचं राहिलं म्हणून.

राहिला लच्छू. निरोप धाडल्यावर तो आला, खुर्चीवर बसला, हात मांड्यांवर ठेवले. कय्यूमभाऊंनी घसा साफ केला आणि सगळ्यात मोठा प्रश्न विचारला. "लच्छू, माह्यं का चुकते?"

लच्छूच्या चेहऱ्यावर एकदम भीतीच उमटली. त्याच्या गावात वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर त्याचं चुकलेलं सांगत नाहीत. त्यासाठी वेगळी सोय असते. पण ती सोय गोदामात नव्हती.

"नाई जी भाऊ, तुमचं का चुकनार."

"मग दिनेशकडे जातेस का?"

लच्छूनं जमिनीकडे पाहिलं. मग म्हणाला, "गुरुवारी आमच्या गावची मंडई हाये. वहिनीले, अदीबाले घेऊन या. दुपारची दंडार पाहा. मग बोलू."

कय्यूमभाऊंना हे बरं लक्षण वाटलं. घरी येऊन त्यांनी अदीबाला सांगितलं, की एकट्याशी बसून बोलल्याचा फायदा होऊन राह्यला. त्यांच्या बेगम, कहकशाँभाभी, तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "पिवळं स्वेटर घालून जाता का?"

"ते सापडून नाई राह्यलं सोमवारपासून."

"असं का," भाभी म्हणाल्या आणि खडा बाजूला काढला.

गुरुवारी चिचटोल्यात गर्दी मावत नव्हती. लच्छूच्या बायकोनं, रंजीतानं, पाहुण्यांना जेवू घातलं. तिच्या डाळीत मीठ थोडं कमी आहे हे कय्यूमभाऊंनी तिच्या सासऱ्याला सांगितलं. मग सगळे चौकात आले. दंडार म्हणजे गावच्याच पोरांचा खेळ. चार खांब, एक ढोलकी, झांजा, लुगडी नेसलेले मिशीवाले, आणि मधूनमधून सोंगं. या सोंगांत कोणाचीही नक्कल करायची मुभा असते, सरपंचाची, गुरुजींची, वनखात्याच्या साहेबाची. ज्याची झाली त्यानं रागवायचं नाही, उठून बक्षीस द्यायचं. जो उठून घरी गेला त्याच्याविषयी गाव पुढच्या मंडईपर्यंत बोलत राहतं. गर्दी वाढल्यामुळे या वर्षी माइक लावला होता. छोटा मिक्सर मंचाच्या कडेला ठेवून लच्छू बसला होता. कय्यूमभाऊंना पाहुणे म्हणून अगदी पुढं, लच्छूच्या वडिलांशेजारी खुर्ची मिळाली. भाभी आणि अदीबा बायकांत बसल्या.

सोंग आलं. पोट पुढं, चष्मा दोरीला, आणि उजव्या हाताच्या बोटात हातभर लांब बांबूची नळी, टोकाला लाल रंग. चालायला लागलं की आधी बोट पोचायचं, मग माणूस. लग्नघरात शिरून या इसमानं बोट डाळीत बुडवलं. "मीठ थोडसंच!" नवरदेवाचं बाशिंग सरळ करायला गेला आणि ते नवरदेवाच्या नाकावर आणलं. "थोडसंच!" शंकरपटाच्या शर्यतीत धावणाऱ्या बैलाला, म्हणजे घोंगडीखालच्या दोन पोरांना, मागून ढोसलं, तर अर्धा बैल कुरखेड्याकडे गेला आणि अर्धा कोरचीकडे. पोटदुखीनं पडलेल्या माणसाला डॉक्टर सुई टोचत होता, त्याच्या हातावर बोट ठेवून म्हणाला, "अजून थोडसंच." तोवर गावानं तो शब्द उचलला होता. नळी वर गेली की सगळा चौक एका सुरात ओरडायचा: "थोडसंच!"

कय्यूमभाऊ मांडीवर थाप मारून हसत होते. डोळ्यांतून पाणी आलं. शेजारच्या म्हाताऱ्याला कोपर मारून म्हणाले, "हुबेहूब दिनेश! ब्रह्मपुरीचा दिनेश! त्याले अशीच खोड हाये."

म्हाताऱ्यानं त्यांच्याकडे फार मायेनं पाहिलं. "हाव जी," तो म्हणाला.

मग यमराज आले. रेड्याच्या गळ्यात घंटा होती. "चल मानवा, तुही वेळ भरली." सोंग रेड्याभोवती एक चक्कर मारून आलं, घंटेशी वाकलं, कान लावला, आणि नळीनं ती ठोकत म्हणालं, "आवाज थोडसा वाढवा जी. मागच्यायले आयकू नाई येत." यमराजांनी कपाळावर हात मारला आणि रेडा रिकामाच परत नेला.

चौक कोसळला. सोंगानं चष्मा काढून नमस्कार केला, तेव्हा तो डोमा निघाला. आणि नमस्काराला वाकताना त्याच्या जाकिटाची बटणं सुटली. आत पिवळं स्वेटर होतं. त्या स्वेटरच्या छातीवर दोन बदकं होती, एक जरा मोठं, कारण भाभींचा विणताना हिशेब चुकला होता. असं स्वेटर जगात दुसरं नाही.

कय्यूमभाऊंचं हसू तोंडावर होतं तिथंच राहिलं. त्यांनी मागं वळून बायकांकडे पाहिलं. भाभींनी पदर तोंडावर घेतला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. अदीबानं डोळे खाली घातले होते. मग त्यांनी लच्छूकडे पाहिलं. तो मात्र हसत नव्हता. त्याचे दोन्ही हात मिक्सरवर होते आणि तो सरळ त्यांच्याकडे पाहत होता. त्याला जे सांगायचं होतं ते, त्याच्या गावात जसं सांगतात तसं, सांगून झालं होतं.

आता उठून बक्षीस द्यायचं, किंवा उठून घरी जायचं. कय्यूमभाऊंच्या मनात दोन्ही येऊन गेलं. ते उठले. म्हाताऱ्यानं पाय आखडून वाट दिली, कोणत्याही दिशेला जाता येईल इतकी. ते मंचावर चढले आणि चौक गप्प झाला. डोमानं माइक पुढं केला.

"भावानो," ते म्हणाले. आवाज पहिल्या तीन रांगांपलीकडे गेला नाही. लच्छूनं तो मुद्दाम खाली ठेवला होता की राहून गेला होता, हे त्यानं कधीच सांगितलं नाही. मिक्सर कय्यूमभाऊंच्या उजव्या हाताशीच होता, वाकलं की पोचेल इतका. बोट निघालं. अर्ध्या वाटेवर गेलं. लच्छूनं मिक्सरवरचे दोन्ही हात उचलले आणि मांड्यांवर ठेवले.

बोट हवेत थांबलं. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच थांबत असावं, कारण कुठं जावं ते त्याला कळेना. शेवटी कय्यूमभाऊंनी ते पँटच्या खिशात घातलं आणि होता त्या आवाजात बोलले. मागच्यांना काही ऐकू आलं नाही. पुढच्यांनी मागे सांगितलं ते असं: "डोमाची नक्कल चांगली झाली. ते स्वेटर त्यालेच बक्षीस. तसंही, मोठं बदक मले आवडत नोयतं." मग ते म्हणाले, "फक्त यमराजाचा भाग... थोडसाच..." पुढचं गावानं बोलू दिलं नाही.

खाली उतरल्यावर त्यांनी लच्छूला विचारलं, "परवा वैरागडले पहिला खेळ हाये. येतेस?"

"पाहतो जी," लच्छू म्हणाला.

परतीच्या गाडीत भाभी म्हणाल्या, "बदकाचं मनात होतं तर तवाच सांगाचं."

"तुले तोंडावर कोन सांगन?" कय्यूमभाऊ म्हणाले.

वैरागडच्या दिवशी सकाळी त्यांनी गोदाम उघडलं तेव्हा खिळ्यावर ब्रश नव्हता. लच्छू पेटी उघडून बसला होता आणि शेवटच्या कळी झाडत होता. कय्यूमभाऊ उंबऱ्यावरूनच वळले. टपरीवर जाऊन त्याच्यासाठी चहा घेऊन आले, आणि तो मिक्सरपासून चांगला लांब ठेवला.

दुपारी वैरागडला आवाजाची चाचणी होती, आणि अदीबाही पाहायला आली होती. प्रॉम्प्टर खड्ड्यात बसून वाक्य देत होता, नायक ते मंचावरून फेकत होता. लच्छू मिक्सरवर होता. कय्यूमभाऊ त्याच्या मागे उभे राहिले, हात पाठीशी बांधून. थोडा वेळ ऐकलं. मान हलवली. पाठीमागं बोटं एकमेकांत चुळबुळत होती, ते अदीबाला दिसत होतं. लच्छूलाही, पाठीला डोळे असल्यासारखं, दिसत असावं. त्यानं मान न वळवता मिक्सरच्या अगदी उजव्या टोकाकडे हात केला. तिथं एका कळीखाली पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर पेननं लिहिलं होतं: भाऊ.

"हे तुमचं बटन जी. याले कोनी हात नाई लावनार."

कय्यूमभाऊ वाकले. दोन बोटांनी कळ धरली आणि कान देत देत जरा वर सरकवली. मग केसभर खाली आणली. "थोडसंच," ते म्हणाले. "आता बरोबर."

"एकदम बरोबर जी," लच्छू म्हणाला.

अदीबानं बापाला बाजूला ओढलं. "अब्बा, तो सोळा नंबर आहे. सावलीला चहा सांडला तो. तो बंद आहे."

"माहीत हाये. मीच सांडला होता."

"मग?"

"बेटा, बोटाले काईतरी पायजे ना."

अदीबा हसली. मग हसता हसता थांबली. तिच्या टीमनं गेल्या महिन्यात तिच्यासाठी एक खास पान बनवून दिलं होतं. त्यावर ती दर शुक्रवारी प्रत्येकाच्या कामात लहानसहान बदल करायची, आणि सगळे लगेच लिहायचे, "ग्रेट कॅच, अदीबा." ते पान पुढं कशाला जोडलेलं आहे, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. ती फोन काढून गाडीकडे गेली, आणि बराच वेळ आली नाही.

मंचावर नायकानं खलनायकाला ललकारलं. आवाज पार मागच्या बाभळीवर जाऊन आदळला. खड्ड्यातल्या प्रॉम्प्टरचे ओठ हलत होते, पण त्याचा एक शब्दही बाहेर येत नव्हता. कय्यूमभाऊंनी समाधानानं आपल्या बोटाकडे पाहिलं.